वीसला किती कमी

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर कोको वाळतोय,
तपकिरी, आंबूस वासाचा.
त्याला वळसा घालून अदुनबारीन मावशी
पहिल्या पायरीपाशी उभी राहते.
तिच्या नावाचा अर्थ, जिच्यासोबत चालणं गोड.
गोड वगैरे काही नाही.
ती चालत नाही, मोजते.

दहापर्यंत सगळे मोजतात तसंच,
चौदापर्यंतही एकावर एक.
पंधराव्या पायरीवर हिशेब उलटतो :
वीसला पाच कमी.
वीसला चार कमी.
तीन कमी, दोन, मग धापा टाकत एक,
आणि वीस झाले की ती कठड्याला टेकते
उधारी फेडून दुकानाबाहेर पडावं तशी.

पंचेचाळीस तिच्या तोंडी
पन्नासला पाच कमी,
आणि ते पन्नास तरी कुठे स्वतःच्या पायावर उभे,
तीन विसांना दहा कमी!
लागोसच्या शाळेत मी आकडे इंग्रजीतून शिकले,
गुळगुळीत, कुठे खळगा नसलेले.
माझे पाय तिच्यापुढे,
मोजणी कायम तिच्या मागे.

इदान्रेचे डोंगर म्हणजे उघडे खडक,
नुसत्या घासलेल्या कढया पालथ्या घातलेल्या,
हरमाटनच्या धुळीत निम्मे पुसलेले.
लाल डोक्याचा सरडा कठड्यावर जोर काढतोय.
मावशी त्याला म्हणते, थांब जरा, आमचाही नंबर आहे.

वर गाव होतं. आजीच्या लहानपणापर्यंत होतं.
लढायांच्या काळात चढलेली माणसं
लढाया संपल्यावरही वरच राहिली, सवयीने.
मग खाली रस्ता आला, दवाखाना आला,
कोकोची रोपं उताराला धरली,
आणि एकेक घर डोक्यावर भांडी घेऊन उतरलं.
आजी दहा वर्षांची. तिच्या वाट्याला चुलीचे दगड.
तीन दगडांवर रस्सा सांडत नाही, म्हणतात आमच्यात.
तिच्या डोक्यावर दोनच मावले.

राजवाड्याचे कोरीव खांब अजून उभे आहेत.
शाळेची भिंत पावसाने गुडघ्यापर्यंत आणलीय.
पुढे खडकात अग्बोगुनचं पाऊल,
जे म्हणे कुणाच्याही पायाला बसतं.
मावशीने चप्पल काढून पाय ठेवला.
अंगठा बाहेर, टाच बाहेर.
"बसलं," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे अशी बघितली
की मीही मान डोलावली.

घर नाही. घराची जागा आहे.
गवतात एक काळा दगड,
एका बाजूला अजून काजळी,
की तो त्याचाच रंग, मला ठरवता येईना.
मावशी त्यावर बसली, जशी बस थांब्यावर बसतात.
मी म्हटलं, नेऊ या का हा खाली?
मी उचलते, जड नाही फार.
ती म्हणाली, आधी संत्रं सोल.

मी हिरवी साल गोल गोल काढत गेले,
टोक कापलं, तिला दिलं.
ती चोखत राहिली, डोळे मिटून.
तेवढ्यात फोन वाजला. रेंज इथेच मिळते, वरच.
अकुरेचा व्यापारी. पोतं बासष्ट किलो भरलं म्हणतो.
"चौसष्ट!" मावशी ओरंडली, आणि ओरोसुनच्या डोंगराने
तिच्याच बाजूने साक्ष दिली, दोनदा.
"चौसष्टला दोन कमी हे तुझ्या काट्यात असेल,
माझ्या पोत्यात नाही."

उतरताना ती मोजत नाही.
मी मोजते, तिच्या पद्धतीने, मनात,
आणि तिसऱ्या विसाच्या आसपास माझी गफलत होते :
कमी करायचे होते की झाले होते?
विचारावं म्हणून वळले
तर ती थांबलेली, खाली बघत,
एक हात कमरेवर, संत्र्याची साल अजून मुठीत.
दूर, नखाएवढ्या ताडपत्रीवर
कुणाची तरी कोंबडी चालत होती.
"हाऽड!" ती ओरडली.
इतक्या उंचावरून.
कोंबडी थांबल्यासारखी वाटली.